अकोल्याच्या लेकरांचा पडदा

विसाव्या शतकाच्या मध्यावर जगात मुलांसाठी दूरचित्रवाणीवर काय चालले होते, याचा आढावा घेऊ लागले की लंडन, न्यूयॉर्क, पूर्व बर्लिन, टोकियो, मॉस्को ही नावे ओळीने येतात. अकोल्याचे नाव त्यात येत नाही आणि येण्याचे कारणही नाही. ब्रिटनमध्ये ‘मफिन द म्यूल’ हे दोऱ्यांवरचे लाकडी खेचर १९४६ साली पियानोवर नाचू लागले, अमेरिकेत ‘हाउडी डूडी’ १९४७च्या डिसेंबरात सुरू झाला, तेव्हा अकोला मध्यप्रांत-वऱ्हाडातले कापसाचे शहर होते आणि नागपूरला अजून रेडिओचे केंद्रही उघडले नव्हते. मोर्णेकाठच्या जुन्या शहरातल्या लेकरांना घरातल्या पडद्यावर काही पाहायला मिळण्यासाठी आणखी साडेतीन-चार दशके जायची होती. तरीही हा सगळा विषय अकोल्याच्या बाजूने तपासायला हवा असे मला वाटते. त्या काळातल्या चांगल्या बालकार्यक्रमांचे बळ पडद्यात नव्हते. ठरलेल्या वेळी येणारे ओळखीचे मोठे माणूस, त्याने मुलाकडे तोंड करून घरच्या बोलीत बोलणे आणि रोज थोडा बदलणारा तरी ओळखीचा राहणारा खेळ, एवढ्यावर ते कार्यक्रम उभे होते. वऱ्हाडात हे सारे पडद्याच्या आधीपासून होते. पडदा आला तो मात्र दुरून आला, शाळेच्या फळ्यासारखा आला, आणि इथे जे होते ते त्याने उचलून घेतले नाही. नुकसान झाले ते या ठिकाणी.

आधी बाहेरचे पाहू. १९५०च्या जानेवारीत बीबीसीने रेडिओवर ‘लिसन विथ मदर’ सुरू केला. दुपारची पंधरा मिनिटे, एक गोष्ट, थोडी बडबडगीते, बस्स. त्याच वर्षी जुलैत दूरचित्रवाणीवर ‘अँडी पँडी’ ही दोऱ्यांची बाहुली आली आणि पुढे अशा खेळांच्या मालिकेला ‘वॉच विथ मदर’ हे नाव मिळाले. रेडिओशी असलेले नाते नावातच उघड आहे: ऐकण्याची सवय आधी लागली, पाहणे तिच्या मागून आले. ‘अँडी पँडी’चे सव्वीस भाग एकदा चित्रित करून ठेवले होते आणि तेच भाग जवळजवळ दोन दशके फिरून फिरून दाखवले गेले. दर तीन-चार वर्षांनी नवी लेकरे त्या वयात येत, त्यांना ते नवेच असत. आणि एकच गोष्ट पुन्हा पुन्हा मागणे हा तर लहान मुलांचा स्वभावच आहे. पूर्व जर्मनीत २२ नोव्हेंबर १९५९ रोजी सुरू झालेला ‘झांडमेनशेन’ म्हणजे युरोपच्या जुन्या लोककथेतला, मुलांच्या डोळ्यांत वाळूचे कण टाकून त्यांना झोपवणारा म्हातारा. त्याच वर्षी जपानच्या एनएचकेने ‘ओकासान तो इश्शो’, म्हणजे ‘आईबरोबर’, सुरू केला आणि तो आजही चालतो. मॉस्कोत १९६४पासून रात्री झोपण्याआधीचा बाहुल्यांचा कार्यक्रम आहे. राज्यव्यवस्था वेगळ्या, भाषा वेगळ्या, तंत्रही कमी-अधिक. तरी प्रत्येकाने सामग्री आपापल्या घरातून घेतली होती: आजीची गोष्ट, जत्रेतली बाहुली, झोपतानाचे गाणे.

हे सगळे राजधान्यांत आणि महानगरांतच घडले, असेही नाही. या आढाव्यात मला सर्वांत मोलाचे वाटते ते पिट्सबर्गचे उदाहरण. ते पोलादाचे कारखाने असलेले कामकऱ्यांचे शहर. तिथे १ एप्रिल १९५४ रोजी डब्ल्यूक्यूईडी हे समाजाच्या वर्गणीवर चालणारे केंद्र सुरू झाले. जोसी कॅरी आणि फ्रेड रॉजर्स या दोघांनी तिथे ‘चिल्ड्रन्स कॉर्नर’ नावाचा कार्यक्रम मांडला. पैसा नव्हता. केंद्र सुरू होण्याच्या आदल्या संध्याकाळी व्यवस्थापक डोरोथी डॅनियल यांनी रॉजर्स यांना हातात घालायची एक वाघाची बाहुली भेट दिली. तिचेच पुढे पात्र झाले आणि त्या वाघाला डॅनियल हे नाव मिळाले. हा वाघ १९६८मध्ये देशभर दिसू लागलेल्या ‘मिस्टर रॉजर्स नेबरहुड’मध्येही होता. याच सुमारास, १९५३मध्ये, बाल्टिमोर शहरात ‘रोम्पर रूम’ सुरू झाला होता. त्याची रीत अशी, की कार्यक्रमाचा साचा एकच, मात्र तो घेणाऱ्या शहराने आपल्या गावातली बाई ‘शिक्षिका’ म्हणून पडद्यावर बसवायची. पडद्यावरची बाई आपल्याच गावची आहे, हे मुलाला कळावे यासाठी हा खटाटोप होता. छोट्या शहराला मुलांचा कार्यक्रम परवडत नाही, ही समजूत त्या काळातच खोटी ठरलेली होती.

दूरचित्रवाणीने मुलांचे नेमके काय केले, यावर त्या काळात दोन मोठे अभ्यास झाले. ब्रिटनमध्ये हिल्डे हिमेलवाइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा ‘टेलिव्हिजन अँड द चाइल्ड’ हा अभ्यास १९५८मध्ये प्रसिद्ध झाला. उत्तर अमेरिकेत विल्बर श्रॅम, जॅक लाइल आणि एडविन पार्कर यांचे ‘टेलिव्हिजन इन द लाइव्ह्ज ऑफ अवर चिल्ड्रन’ १९६१मध्ये आले. श्रॅम यांनी कॅनडातली दोन सारखी गावे घेतली होती, एकात दूरचित्रवाणी पोहोचलेली आणि एकात न पोहोचलेली. पहिल्याला त्यांनी ‘टेलिटाउन’ म्हटले, दुसऱ्याला ‘रेडिओटाउन’. दोन्ही अभ्यासांचा रोख एका गोष्टीकडे होता: नवा पडदा मुलांच्या आयुष्यात मोकळी जागा शोधत नाही, तो आधीच्या सारख्याच करमणुकीची जागा घेतो. रेडिओ ऐकणे, चित्रकथांची पुस्तके, सिनेमा यांवरचा वेळ कमी होतो, कारण त्या गोष्टी मुलाची जी गरज भागवत होत्या तीच तो भागवतो. श्रॅम यांची परिभाषा वापरायची तर अकोला हे ऐंशीच्या दशकापर्यंत ‘रेडिओटाउन’ होते, आणि बराच काळ रेडिओही घरोघर नसलेले. म्हणून विचारायचा प्रश्न असा, की पडद्याने पुढे जी जागा घेतली तिथे त्याआधी काय बसलेले होते?

त्या जागेवर सर्वांत ठळकपणे बसलेली होती ती भुलाबाई. भाद्रपद पौर्णिमेला मातीच्या भुलाबाई-भुलोजी घरात मांडायच्या आणि अश्विन पौर्णिमेपर्यंत, म्हणजे कोजागरीपर्यंत, महिनाभर रोज संध्याकाळी मुलींनी घरोघर फिरून टिपऱ्यांवर गाणी म्हणायची, ही वऱ्हाड-खानदेशाची रीत. भुलाबाई म्हणजे भिल्लिणीच्या रूपातली पार्वती आणि भुलोजी म्हणजे शंकर. ती महिनाभर माहेरपणाला आलेली असते. अकोल्याच्या जुन्या शहरात वाड्यांची अंगणे एकमेकांना लागून होती, त्यामुळे एका घरून दुसऱ्या घरी जाणे म्हणजे चार पावले. या रीतीकडे कार्यक्रमाची घडण म्हणून कोणी पाहत नाही, म्हणून जरा थांबून पाहू. वेळ ठरलेली, दिवेलागणीची. सुरुवात आणि शेवट ठरलेला, गाण्यांचा क्रमही बराचसा ठरलेला. कितीतरी गाणी साखळीची असतात: एका वस्तूवरून दुसरी, दुसरीवरून तिसरी, आणि प्रत्येक कडव्यात आधीचे सगळे पुन्हा. तीन वर्षांच्या मुलीलाही त्यात शिरता येते, कारण पुढे काय येणार ते तिला अर्धे कळलेले असते. सासर, माहेर, रुसवा, आजारपण, बाळंतपण हे मोठ्यांच्या जगातले भारी विषय त्या गाण्यांत खेळाच्या अंगाने येतात. आणि शेवटी खिरापत. ज्या घरी गाणी झाली तिथली बाई डबा आणते, झाकण उघडत नाही, आणि मुलींनी ओळखायचे: गोड की तिखट, ओले की कोरडे, भाजलेले की तळलेले. डबा हलवून आवाज ऐकवायचा, एखादी खूण द्यायची, अंदाज चुकला की हसायचे आणि पुन्हा विचारायचे. खिरापत ओळखली जाऊ नये म्हणून आयांमध्ये जी चढाओढ लागे, ती कोणत्याही निर्मात्याच्या कल्पकतेला तोडीस तोड होती. कोजागरीच्या रात्री ज्वारीच्या धांड्यांच्या मखरात भुलाबाई बसवून समारोप. सलग एक महिना चालणारा, ठरलेल्या वेळेचा, गाणी आणि कोडे असलेला, मुलांनी स्वतः भाग घ्यायचा कार्यक्रम! ‘लिसन विथ मदर’ची पंधरा मिनिटे आणि ही दिवेलागणीची वेळ यांच्यातले साम्य वरवरचे नाही. दोन्हीकडे मुलाला माहीत असते, की आता आपली वेळ झाली.

भुलाबाई एकटी नव्हती. सुगीनंतर गल्लीत येणारा रायरंद, म्हणजे बहुरूपी, एका दिवशी पोलीस तर दुसऱ्या दिवशी वैद्य होऊन येई आणि मुले त्याच्यामागे फिरत. नंदीबैलवाला बैलाला प्रश्न विचारी आणि बैल मान हलवी. बायस्कोपवाल्याची पेटी तर खरोखरच पडदा होती: भोकाला डोळा लावायचा, आत चित्रे सरकणार, आणि बाहेर तो माणूस गात-बोलत दाखवणार. श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी गांधीग्रामहून पूर्णेचे पाणी घेऊन राजराजेश्वराला येणाऱ्या कावडी मुलांसाठी वर्षातला सर्वांत मोठा देखावा असत. या सगळ्यांहून वेगळे आणि मोठे काम गाडगेबाबांचे. अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावी जन्मलेल्या या माणसाचे १९५६च्या डिसेंबरात अमरावतीजवळ निधन झाले, तोवर आपण ज्या दशकांचा विचार करत आहोत त्यांतला बराच काळ ते बोलत होते. त्यांचे कीर्तन प्रश्नोत्तरांनी पुढे सरके. समोरच्या अडाणी माणसाला प्रश्न विचारायचा, त्याच्याकडूनच उत्तर काढायचे, त्या उत्तरातून पुढचा प्रश्न काढायचा, आणि हे सगळे अस्सल वऱ्हाडीत. ते मुलांसाठी नव्हते, पण मुलांच्या कार्यक्रमात निवेदकाला जी कला लागते ती नेमकी हीच. समोरच्याला आधी बोलते करायचे, मग आपण बोलायचे.

नागपूरचे रेडिओ केंद्र १६ जुलै १९४८ रोजी सुरू झाले आणि वऱ्हाडाला पहिल्यांदा जवळचा म्हणता येईल असा आवाज मिळाला. हे केंद्र मध्यप्रांत-वऱ्हाडाच्या राजधानीचे होते, त्यामुळे ते मराठी आणि हिंदी या दोन्ही भाषांत बोले. १९५६च्या नोव्हेंबरात वऱ्हाड द्वैभाषिक मुंबई राज्यात गेला, १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात आला. म्हणजे एका दशकात अकोल्याच्या मुलाची राजधानी तशी दोनदा बदलली: आधी नागपूर, मग मुंबई, आणि पुढे पाठ्यपुस्तकांपुरती पुणे. रेडिओ घ्यायला पैसा लागे, शिवाय दरवर्षी टपाल कार्यालयात परवाना भरावा लागे. एका घरातल्या रेडिओभोवती आजूबाजूची चार घरे जमत. मुंबई केंद्राची ‘गंमत जंमत’ आणि पुणे केंद्राचे ‘बालोद्यान’ ही मराठी मुलांच्या रेडिओची मोठी नावे. ‘बालोद्यान’मध्ये ‘आनंद’ मासिकाचे संपादक गोपीनाथ तळवलकर ‘नाना’ म्हणून मुलांशी बोलत. छापील मासिक चालवणारा माणूसच आवाज होऊन घरात येतो, त्याला काका-मामासारखे घरगुती नाव मिळते, ही गोष्ट पिट्सबर्गच्या प्रयोगाच्या अगदी जवळची आहे. मुलांच्या वाचनालाही तेव्हा तोटा नव्हता: नागपूरहून निघणारे ‘मुलांचे मासिक’, १९५२पासून मराठीत येऊ लागलेला ‘चांदोबा’, आणि नंतर १९७१पासून बालभारतीचे ‘किशोर’. अत्रे यांचा ‘श्यामची आई’ हा चित्रपट १९५३चा. लेखक, आवाज, गाणी, गोष्टी, सगळे मराठीत तयार होते. ब्रिटनमध्ये रेडिओवरून पडद्यावर जी वाट गेली तिची पूर्वतयारी महाराष्ट्रातही झालेली होती.

ती वाट मात्र तशी गेली नाही. भारतात दूरचित्रवाणी १५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्लीत प्रायोगिक स्वरूपात सुरू झाली आणि मुलांसाठी तिने केलेले पहिले मोठे काम म्हणजे १९६१मध्ये फोर्ड फाउंडेशनच्या मदतीने दिल्लीच्या शाळांसाठी सुरू केलेले पाठ. देश गरीब, शाळांत प्रयोगशाळा नाहीत, शिक्षक कमी. त्या परिस्थितीत हा निर्णय समजण्यासारखा होता आणि त्याचे श्रेय नाकारता येणार नाही. परिणाम मात्र दूरवर गेला. बीबीसीसाठी मुलांचा कार्यक्रम म्हणजे आईच्या मांडीवरची वेळ होती, आपल्याकडे तो वर्गातला तास झाला. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षात झालेला उपग्रह शैक्षणिक दूरचित्रवाणीचा प्रयोग, ज्याला सगळे ‘साइट’ म्हणून ओळखतात, त्यातही हीच वृत्ती पुढे आली. अमेरिकेच्या एटीएस-६ उपग्रहावरून सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० गावांना कार्यक्रम मिळाले, सकाळी शाळेतल्या मुलांसाठी आणि संध्याकाळी मोठ्यांसाठी. मुलांच्या कार्यक्रमांच्या आखणीत मुंबईत १९२१ साली जन्मलेल्या विजया मुळे यांचा मोठा वाटा होता. १९७४चा ‘एक अनेक और एकता’ हा त्यांचा ॲनिमेशनपट आज चाळिशी-पन्नाशीत असलेल्या माणसांच्या डोळ्यांपुढे अजून आहे, कारण त्यात लहान मूल प्रश्न विचारते आणि ताई उत्तर देते. गाडगेबाबांची रीत इथे आईच्या मायेने आली आहे. पण ‘साइट’च्या सहा राज्यांत महाराष्ट्र नव्हता. भाषा होत्या हिंदी, कन्नड, उडिया आणि तेलुगू. मुलांच्या दूरचित्रवाणीवर देशात झालेल्या त्या सर्वांत मोठ्या विचारमंथनातून मराठी बाहेर राहिली.

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. तिथे मुलांसाठी चार भाषांत वेगवेगळे कार्यक्रम होते: मराठीत ‘किलबिल’, गुजरातीत ‘संताकुकडी’, हिंदीत ‘खेल खिलौने’, इंग्रजीत ‘मॅजिक लॅम्प’. एका शहरातल्या चार भाषांच्या मुलांचा असा वेगवेगळा विचार झाला, ही त्या केंद्राची मोठी कामगिरी. पण प्रक्षेपण मुंबईपुरते, आणि १९७३पासून सिंहगडावरच्या केंद्रामुळे पुण्यापुरते. रेल्वेने सुमारे ५८० किलोमीटरवर असलेल्या अकोल्याच्या मुलाला ‘किलबिल’ हे वर्तमानपत्रात वाचायचे नाव होते. नागपूरला १९८२मध्ये प्रक्षेपण सुरू झाले, १९८३च्या ऑगस्टमध्ये इन्सॅट-१बी अवकाशात गेला आणि १९८४च्या सुमारास लहान शक्तीचे प्रक्षेपक देशभर भराभर उभे राहिले. वऱ्हाडातल्या शहरांच्या गच्च्यांवर अँटेना दिसू लागले ते या काळात. या छोट्या प्रक्षेपकांना सुरुवातीला थेट दिल्लीचेच कार्यक्रम मिळत. मुंबईचे मराठी कार्यक्रम उपग्रहामार्गे राज्यभर नेण्याची सोय नंतर झाली. म्हणून अकोल्यातल्या त्या पिढीचे पडद्यावरचे पहिले बालपण हिंदीत गेले. ‘विक्रम और बेताल’ उत्तम होता, ‘मालगुडी डेज’ तर अप्रतिम, आणि त्यांच्याविरुद्ध तक्रार करण्याचे कारण नाही. मात्र पडद्यावरून आपल्याकडे पाहून बोलणारे आपल्या भागातले माणूस त्या मुलांना मिळाले नाही.

मराठीत त्या दिशेने झालेला एकच सलग प्रयत्न म्हणजे पुण्याची ‘बालचित्रवाणी’. इन्सॅटच्या शैक्षणिक सेवेसाठी ज्या सहा राज्यांत शैक्षणिक तंत्रज्ञानाच्या संस्था उभारल्या गेल्या, त्यांत या वेळी महाराष्ट्र होता. १९८४मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेने पुढच्या काळात हजारो कार्यक्रम केले आणि दूरदर्शनवरून ते राज्यभर दिसले. विज्ञान, भूगोल, हस्तकला, गाणी, गोष्टी यांतले कितीतरी कार्यक्रम मनापासून केलेले होते. तरी रचना वर्गाचीच राहिली: प्रसारण सकाळच्या वेळी, विषय अभ्यासक्रमाला धरून, भाषा पाठ्यपुस्तकाची. मुलाला ‘ही माझी वेळ’ असे वाटावे, संध्याकाळी रोज तेच माणूस भेटावे, यासाठी लागणारा वेळेचा आणि पैशाचा हक्क तिला कधी मिळाला नाही. अनुदानाचे प्रश्न वाढत गेले आणि २०१७मध्ये राज्य सरकारने ती बंद केली. तेहतीस वर्षे चाललेली मराठी बालदूरचित्रवाणीची एकमेव सार्वजनिक संस्था बंद होताना राज्यात जेवढी चर्चा व्हायला हवी होती, तेवढी झाली नाही, हे दुःखाने नोंदवावे लागते.

या मांडणीवर पहिला आक्षेप बोलीचा येईल. मुलांना प्रमाण मराठी शिकवायची सोडून ‘मले’, ‘तुले’ ऐकवायचे का? शहाणे आईबापही हा प्रश्न विचारतात, म्हणून त्याला नीट उत्तर द्यायला हवे. मूल घरात जे बोलते त्याच बोलीत ते प्रथम विचार करते. त्या विचाराला हात घालून मग त्याला प्रमाण भाषेकडे नेणे सोपे जाते, त्या विचाराला लाजवून नेणे अवघड. ही कल्पना मराठीत नवी नाही. लग्नानंतर काही वर्षे अमरावतीत राहिलेल्या ताराबाई मोडक यांनी पुढे गिजुभाई बधेका यांच्याबरोबर बालशिक्षणाचे काम केले, आणि बोर्डी-कोसबाडला अनुताई वाघ यांच्या साथीने बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली. आदिवासी मुलांच्या परिसरातल्या वस्तू, त्यांची गाणी, त्यांचे शब्द यांतून शिक्षण सुरू करायचे, हे त्यांचे सूत्र. नेमक्या विसाव्या शतकाच्या मध्यावर महाराष्ट्रात हे काम चालू होते, आणि ज्यांनी पुढे मुलांच्या पडद्याची आखणी केली त्यांना ते हाताशी होते. राहिला प्रतिष्ठेचा प्रश्न. मराठी गद्यातला पहिला मोठा ग्रंथ ‘लीळाचरित्र’ तेराव्या शतकात अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरला आकाराला आला. ज्या मातीत मराठी गद्य उभे राहिले, तिथल्या बोलीला मुलांच्या कार्यक्रमात जागा देताना संकोच वाटण्याचे काही कारण नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि तो मला बराच मान्य आहे. अंगणातले जग सगळ्यांचे नव्हते. भुलाबाई मुलींची, आणि तीही ज्यांच्यासाठी शेजारच्या घराचे दार उघडे होते अशा मुलींची. जातीच्या भिंती त्या अंगणांना होत्या. जुन्या शहरातल्या मुसलमान मोहल्ल्यांत मुलांची गाणी आणि गोष्टी वेगळ्या, भाषा उर्दू-दख्खनीकडे झुकणारी. रेडिओ ज्याच्या घरी तो श्रीमंत. तेव्हा अंगणाच्या आठवणींना सोन्याचा मुलामा देऊ नये, हे बरोबरच आहे. पण यातून निष्कर्ष काय काढायचा? ज्या गोष्टी भिंतींमुळे काही घरांपुरत्या राहिल्या होत्या, त्या भिंतींपलीकडे नेण्याचे सामर्थ्य पडद्यात आणि रेडिओत होते. एका वस्तीची खिरापतीची कोडी दुसऱ्या वस्तीने ऐकली असती, मोहल्ल्यातल्या दादीची गोष्ट वाड्यातल्या मुलाने ऐकली असती, मुलगेही टिपऱ्या घेऊन बसले असते. मुंबईने एका शहरातल्या चार भाषांच्या मुलांसाठी चार कार्यक्रम केले, मग एका नदीने दोन भागांत वाटलेल्या अकोल्यासाठी असे काही करणे अशक्य नव्हते. अंगण सर्वांचे नव्हते, म्हणूनच ते सर्वांपर्यंत पोहोचवायला हवे होते.

दूरचित्रवाणी उशिरा आली हे बरेच झाले, असे म्हणणारेही आहेत. श्रॅम यांचा अभ्यास त्यांना पुरता आधार देत नाही. बहुतेक मुलांसाठी पडदा ना फार घातक ठरतो ना फार उपकारक, असे त्याचे सांगणे होते. फरक पडतो तो पडद्यावर कोण आहे आणि मुलाशेजारी कोण बसले आहे याने. आणि आता प्रत्येकाच्या हातात फोन असताना हा विचार शिळा झाला, असे म्हणणाऱ्यांना माझे उत्तर उलटे आहे. आज अकोल्यातले चार वर्षांचे मूल दिवसभर पडदा पाहते, बहुतेक वेळा कोणत्या तरी परक्या आवाजाचा, आणि त्याला थांबवणारे ठरलेल्या वेळेचे कुंपणही राहिलेले नाही. पन्नास-साठच्या दशकांत ज्या अडचणी होत्या, म्हणजे महाग कॅमेरा, दूरचे केंद्र, प्रक्षेपणाचा परवाना, त्या सगळ्या आता गेल्या आहेत. उरली आहे ती फक्त माणसाची अडचण: रोज ठरलेल्या वेळी येऊन मुलांशी त्यांच्या बोलीत बोलणारे माणूस. ‘अँडी पँडी’ला सव्वीस भाग पुरले होते. भुलाबाईच्या एका महिन्यात तीस संध्याकाळी येतात.

अकोल्यातल्या शिक्षकांना, नाट्यसंस्थांना, आकाशवाणीच्या मंडळींना आणि जुन्या शहरातल्या घरांना म्हणून एक विनंती आहे. भुलाबाईची सगळी गाणी पाठ असलेल्या, खिरापतीचे डबे आठवणाऱ्या बायका आज सत्तरी-ऐंशीत आहेत. मोहल्ल्यांतल्या दाद्या-नान्यांच्या गोष्टींचेही तेच. येत्या भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत रोज संध्याकाळी त्यांच्यापैकी एकीला मुलांसमोर बसवा, तिला तिच्या बोलीत बोलू द्या, मुलांना मध्ये प्रश्न विचारू द्या, आणि समोर एक फोन चालू ठेवा. दहा मिनिटे पुरेत. महिना संपेल तेव्हा तुमच्या हाती तीस भाग असतील.